अंगणातील डांबर आणि मृगाचा पाऊस

मराठवाड्यातील जुन्या घरांतून वैशाख सरता सरता एक काम ठरलेले असे. घरातील वडील मंडळी माळवदावर चढून उन्हाने कोठे कोठे भेगा गेल्या आहेत ते पाहात. पांढरी माती आणवून ती पसरीत, पाणी शिंपून चोपून घेत. पन्हळीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढून टाकीत. आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर निर्धास्त होई. हे काम कोणी शास्त्र म्हणून शिकविले नव्हते. भेग लहान आहे तोवर ती मूठभर मातीने बुजते, आणि एक पावसाळा तशीच राहिली तर तुळईपर्यंत पाणी उतरते, एवढे ज्ञान त्यास पुरेसे होते.

आता माळवदे थोडी उरली आणि अंगणात मोटार आली. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांतून फाटकापासून पडवीपर्यंत डांबराची पट्टी घातलेली घरे दिसू लागली. गृहनिर्माण संस्था, मंगल कार्यालये, शाळा आणि दवाखाने यांपुढे डांबरी वाहनतळ झाले. परंतु माळवदाची सवय मात्र या नव्या अंगणापर्यंत पोचली नाही. डांबर एकदा ओतले की ते दगडासारखे अक्षय झाले, असा समज सर्वत्र आढळतो. पाच-सात वर्षांनी त्यास खड्डे पडले म्हणजे कंत्राटदारास दोष देऊन पुन्हा सबंध अंगण नव्याने करण्याचा विचार सुरू होतो. आमच्या मते यातील निम्मा खर्च टाळता येण्याजोगा असतो. डांबराचे अंगण हे माळवदाचेच भावंड आहे, आणि त्याची निगाही माळवदासारखीच, मृगापूर्वी, भेग लहान असतानाच राखावयास हवी, एवढेच या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

डांबर म्हणजे नेमके काय

मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या पदार्थांस लावतो. दगडी कोळसा बंद भट्टीत तापविला असता कोक व वायू यांच्याबरोबर जो काळा द्रव निघतो तो कोलटार. आणि खनिज तेल शुद्ध करताना तळाशी जो जड गाळ उरतो तो बिटुमेन. पूर्वी रस्त्यांवर पहिलाही वापरीत असत. इंग्लंडात एडगर हूली नावाच्या अभियंत्याने १९०२ साली ‘टारमॅक’चे पेटंट घेतले, त्यातला ‘टार’ तो हाच. आज आपल्या रस्त्यांवर व अंगणांत पडते ते बहुतेक सर्व दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यांतील बिटुमेन होय. हा भेद केवळ शब्दांचा नाही. त्याचा संबंध घरातील मुलांच्या आरोग्याशी कसा येतो ते पुढे सांगू.

बिटुमेनची ओळख आपल्या देशास नवी नाही. मोहनजोदडो येथील महास्नानगृहाच्या विटांच्या बांधकामात पाणी झिरपू नये म्हणून बिटुमेनचा थर दिलेला सापडला आहे, आणि ते बांधकाम सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे या पदार्थाचा मूळ धर्म पाणी अडविण्याचा. रस्त्यावरही तो हेच दुहेरी काम करतो: खडीस खडी चिकटवून धरतो आणि पाण्यास खाली जाऊ देत नाही. चांगल्या डांबरी थरात वजनाने सुमारे पंचाण्णव टक्के दगडच असतो; बिटुमेन अवघे पाच टक्क्यांच्या आसपास. भार वाहतो तो दगड. बिटुमेन त्यास बांधून ठेवते. बंधन सुटले की दगड मोकळा, आणि दगड मोकळा झाला की खड्डा दूर नाही.

हे बंधन तीन शत्रू सोडवितात. पहिला सूर्य. उन्हाने व हवेतील प्राणवायूने बिटुमेनमधील लवचिकपणा हळूहळू जातो; काळेभोर अंगण करडे दिसू लागते व बारीक खडी पायाखाली सुटू लागते. बीडच्या उन्हाळ्यात हवेचेच तपमान चाळीस अंशांवर जाते, तेव्हा काळ्या पृष्ठभागाचे त्याहून पुष्कळ अधिक असते, हे अनवाणी पायांस सांगावयास नको. दुसरा शत्रू तेल. बिटुमेन स्वतःच तेलाच्या कुळातले असल्याने मोटारीखाली ठिबकणारे डिझेल, पेट्रोल वा इंजिनाचे तेल त्यास विरघळविते. वाहन नित्य एकाच जागी उभे राहात असेल तर तेथेच प्रथम मऊ पडलेला डाग दिसतो. तिसरा आणि सर्वांत मोठा शत्रू पाणी. ते भेगेतून आत शिरते, खडीवरचे बिटुमेन सोलून काढते, खालचा मुरूम भिजवून मऊ करते, आणि मग वरून जाणाऱ्या चाकाच्या दाबाने तेच पाणी आतल्या आत पिचकारीसारखे हिसके देत सर्व थर खिळखिळा करून टाकते.

बीडची भूमी

ज्या जिल्ह्याचे नाव उच्चारताच दुष्काळ आठवतो, तेथे पाण्यापासून अंगण राखण्याची गोष्ट करावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सत्तर सेंटिमीटरांच्या आतबाहेर. कोकणच्या मानाने तो काहीच नव्हे. परंतु डांबराचे नुकसान वर्षाच्या बेरजेवरून ठरत नाही, तर आठ महिने कोरडी पडलेली जमीन अकस्मात भिजते यावरून ठरते. शिवाय पाऊस जेव्हा येतो तेव्हा तो मोजून-मापून येत नाही. २०२५ सालच्या सप्टेंबरात मराठवाड्याने अतिवृष्टीने जे हाल सोसले ते अद्याप ताजे आहेत.

खरे मर्म आहे ते काळ्या मातीत. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील बालाघाटाच्या उंचवट्यावर थोडे खणताच मुरूम लागतो. पण उत्तरेस गोदाकाठी, गेवराई-माजलगावच्या बाजूस, काळी माती खोल आहे. कपाशीस व ज्वारीस वरदान असलेली ही माती इमारतीस व रस्त्यास मात्र कठीण जाते. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तीच हालचाल अंगणाखालीही चालू असते. डांबराने झाकलेला मधला भाग ओलसर राहतो, कडेचा भाग मात्र वाळतो व भिजतो; म्हणून कडेपासून थोड्या अंतरावर, कडेस समांतर अशी लांबच लांब भेग जाते. ही भेग दिसली म्हणजे समजावे की दोष वरच्या थरात नसून खालच्या जमिनीत आहे. तेथे केवळ वरून लेप देणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो.

यावर उपाय अंगण करतानाच योजावा लागतो. काळी माती शक्य तितकी उकरून काढावी व तिच्या जागी चांगला मुरूम थराथराने, पाणी मारून, दाबून भरावा. जेथे माती फारच खोल आहे तेथे तिच्यात चुना मिसळून तिचा फुगण्याचा स्वभाव बराच कमी करता येतो. मग डबराचे सोलिंग, त्यावर खडी, आणि शेवटी डांबर. या बाबतीत बीड जिल्हा एका गोष्टीत भाग्यवान आहे: आपला काळा पाषाण, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो कठीण असून बिटुमेनही त्यास चांगले धरून राहते. मात्र खडी धुळीने माखलेली असेल तर बिटुमेन धुळीस चिकटते, दगडास नव्हे.

या खडीशी जिल्ह्याची एक आठवण निगडित आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्रीपुरुषांनी भर उन्हात खडी फोडून पोट भरले, आणि त्या कामांतून कितीतरी रस्ते निघाले. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरास रेल्वे पोचावयास २०२५ साल उजाडले, त्याचा सर्व संसार तोवर रस्त्यांवरच चालला. रस्त्यांच्या शास्त्राचा देशातील पाया घालण्यातही एका मराठी गृहस्थाचे नाव अग्रभागी आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविषयक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. आज डांबराचे प्रमाण, जाडी व दुरुस्तीची रीत यांविषयी जी मानके देशभर पाळावयाची असतात ती याच संस्थेची. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते; पण आजच्या गृहस्थास आपल्या अंगणासाठी त्या मानकांचा आधार घेण्यास कोणतीच आडकाठी नाही.

रोगाची परीक्षा

उपचारापूर्वी निदान हवे. त्यासाठी एक खडू, एक फूटपट्टी व दोन बादल्या पाणी एवढे साहित्य पुरे. सकाळी अंगण झाडून घ्यावे व भेगांवर खडूने खुणा कराव्यात. केसासारख्या बारीक भेगा केवळ वय झाल्याचे लक्षण असतात. तीन मिलिमीटरांहून रुंद भेगा म्हणजे पाण्यास दार उघडले. सुसरीच्या पाठीसारखे एकमेकींत गुंतलेल्या भेगांचे जाळे दिसले तर तेथला पाया खचलेला आहे. तो तुकडा कापून काढल्यावाचून गत्यंतर नाही. कोठे कोठे भेगेतून हरळी डोकावते. दूर्वा गजाननास प्रिय खऱ्या, पण त्यांची मुळे डांबरास पाचरीसारखी फोडतात.

मग पाणी ओतून ते कोणीकडे वाहते ते पाहावे. चांगल्या अंगणास पन्नासास एक, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर उतार असावा. चार मीटर रुंदीच्या पट्टीस एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आठ सेंटिमीटर. जेथे पाणी साचून राहते तेथे खूण करावी. पुढला खड्डा बहुधा तेथेच पडावयाचा असतो. छपराची पागोळी अथवा गच्चीचा नळ थेट डांबरावर पडत असेल तर ती धार वर्षभरात तेथे घाव घालते. तिला नळीने गटारापर्यंत न्यावे. पाण्याची टाकी भरून वाहते ते पाणी कोठे जाते, हेही पाहावे. पाण्यासाठी तळमळणाऱ्या गावात टाकीच्या गळतीने अंगण खचावे, यासारखा दुहेरी तोटा दुसरा नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या भागात विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यात घरोघर टँकर येतो. दहा हजार लिटरच्या टँकरात नुसत्या पाण्याचेच वजन दहा टन असते, गाडीचे निराळे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय संस्थानात रस्त्यांची एक मोठी परीक्षा घेण्यात आली. तीतून असे दिसून आले की आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते. म्हणजे घरच्या मोटारीने वर्षानुवर्षे जी झीज व्हावयाची ती टँकराच्या थोड्या फेऱ्यांनी होते. मोटारीपुरत्या केलेल्या पातळ अंगणात टँकर आणू नये. तो फाटकाबाहेर उभा करून नळीने पाणी घ्यावे, किंवा त्याच्या वाटेपुरता पाया आधीच जाड करावा.

उपचार

भेगांचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित. प्रथम हरळी मुळांसकट उपटावी. तारेच्या ब्रशाने व खराट्याने भेग स्वच्छ करून आतील धूळ उडवून द्यावी. भेग पूर्ण कोरडी होऊ द्यावी. धुळीत ओतलेले बिटुमेन फार दिवस टिकत नाही. त्यानंतर तापवून पातळ केलेले बिटुमेन, शक्य तर रबर मिसळलेले, भेगेत काठोकाठ भरावे व वर दगडाची कच भुरभुरावी, म्हणजे चाकास चिकटणार नाही. भेग बोटाहून रुंद असेल तर बारीक खडी व बिटुमेन यांचे मिश्रण दाबून भरावे.

खड्ड्याच्या बाबतीत सर्वत्र एकच चूक दिसते: आहे त्या खड्ड्यात घमेलेभर मिश्रण टाकून वर चाक फिरविले जाते. असे ठिगळ पहिल्याच पावसात उखडते. खड्डा आधी चौकोनी कापावा. कडा उभ्या असाव्यात व खराब भागाच्या थोड्या पलीकडे, चांगल्या भागात जाव्यात. आतील ओली माती व सुटी खडी काढून टाकावी, तळ धुम्मसाने ठोकावा, पाया खचला असेल तर मुरूम व खडी भरून पुन्हा ठोकावे. मग तळास व चारी कडांस इमल्शनचा हात द्यावा. कारागीर यास ‘टॅक कोट’ म्हणतात. इमल्शन म्हणजे पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने मिसळलेले बिटुमेन. ते तपकिरी दिसते, आणि पाणी सुटून काळे पडले की त्यावर मिश्रण टाकावे, आधी नव्हे. मिश्रण पाच-पाच सेंटिमीटरांच्या थरांनी भरावे, प्रत्येक थर दाबावा, आणि शेवटचा थर सभोवतालापेक्षा किंचित उंच ठेवावा. पुढे वाहनांखाली तो बसतो. शेवटी सांध्यांवरून बिटुमेनची रेघ ओढावी, कारण पाणी प्रथम सांधाच शोधते.

गरम मिश्रण तयार करताना बिटुमेनचे तपमान साधारणपणे १५० ते १६५ अंश असावे लागते. त्याहून फार तापविले तर ते जळून ठिसूळ होते. आणि दूरच्या कारखान्यातून आणलेले मिश्रण वाटेत निवाले तर कितीही रोलर फिरविला तरी घट्ट बसत नाही. वाफ न निघणारा, निवालेला ढीग परत पाठविण्याचा अधिकार गृहस्थाने निःसंकोच वापरावा. पावसाळ्यातच खड्डा पडला तर पोत्यातून मिळणारे तयार थंड मिश्रण वापरता येते. त्यासाठीही इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ साली स्वतंत्र मानक काढले आहे. मात्र ही तात्पुरती मलमपट्टी. कायमचे काम कोरड्या दिवसांत करावे.

काळा रंग आणि खरा लेप

भेगा व खड्डे झाल्यावर सबंध अंगणावर जो पातळ थर द्यावयाचा तो सील कोट. आपल्याकडे घरगुती अंगणांवर बहुधा वीस मिलिमीटर जाडीचे ‘कार्पेट’ घालतात. हे कार्पेट स्वभावतःच सच्छिद्र असते; त्यातून पाणी सहज झिरपते. म्हणून त्यावर लगेच सील कोट देणे हा कामाचाच एक भाग आहे, तो शोभेचा नव्हे. सरकारी मानकाप्रमाणे यास दहा चौरस मीटरला बिटुमेन फवारून वर बारीक खडी पसरण्याच्या प्रकारात ९.८ किलो, आणि वाळू व बिटुमेन यांचे मिश्रण पसरण्याच्या प्रकारात ६.८ किलो बिटुमेन लागते. शंभर चौरस मीटरच्या अंगणास म्हणजे अनुक्रमे ९८ व ६८ किलो. कंत्राटात हा थर लिहून घ्यावा व माल मोजून घ्यावा. कारण काटकसर प्रथम येथेच होते, आणि ती दिसून येते दोन पावसाळ्यांनंतर. ज्यांनी घट्ट मिश्रणाचे अंगण केले आहे त्यांनीही एक हिशेब जवळ ठेवावा: शंभर चौरस मीटर, पंचवीस मिलिमीटर जाडी, म्हणजे अडीच घनमीटर, आणि वजनाने पावणेसहा टनांच्या आसपास माल. चार टनांत हे काम झाले तर जाडी कोठेतरी कमी पडली, हे सांगावयास अभियंता नको.

घट्ट मिश्रणाच्या जुन्या अंगणास इमल्शन, दगडाची कच, थोडे सिमेंट व पाणी यांचा स्लरी लेप चांगला. जागा धुऊन, वाळवून, तेलाचे डाग साबणाने घासून काढून, रबराच्या फळीने तो पातळ ओढावा. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात बरे. पुढे निदान एक दिवस, शक्य तर दोन दिवस, वाहन आणू नये. नव्या घट्ट अंगणास हा लेप घाईने देऊ नये. पहिले सहा महिने ते वर्षभर त्यास स्थिर होऊ द्यावे. त्यानंतर तीन ते पाच वर्षांनी एकदा दिला म्हणजे पुरे. दर दिवाळीस लेप देणारेही असतात. थरावर थर साचून तो सोलू लागतो व गुळगुळीत होऊन पावसात दुचाक्या घसरतात. अति तेथे माती, हा न्याय येथेही लागू आहे.

आणि ज्यात कचही नाही, चिकटपणाही नाही, केवळ पातळ काळे पाणी फासून अंगण आरशासारखे करून देतात, त्या कामाविषयी सावध असावे. लग्नसराईपूर्वी मंगल कार्यालयांपुढे अशी काळी चमक दिसते. खाली भेगा तशाच असतात. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, दुसरे काय? पुण्यातील जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १९७० नंतरच्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीने तो दहा वर्षांची हमी देऊन बांधला आणि पुढे कित्येक दशके तो खड्ड्यांवाचून चालला. घरच्या अंगणास एवढी हमी कोणी देणार नाही. पण दोन पावसाळ्यांची हमी लेखी मागण्यात व काही रक्कम तोवर राखून ठेवण्यात संकोच कसला?

सावधगिरी

आता कोलटारविषयी. जुन्या सवयीने काही ठिकाणी लेपासाठी कोलटारयुक्त माल सुचविला जातो, कारण तो तेलाने विरघळत नाही. परंतु त्यातील काही द्रव्ये कर्करोगास कारण होतात हे सिद्ध झाले आहे. लेप झिजला की ती धुळीवाटे घरात येतात. अमेरिकेतील ऑस्टिन शहराने २००६ साली व वॉशिंग्टन संस्थानाने २०११ साली अशा लेपांवर बंदी घातली. ज्या अंगणात मुले रांगतात, तेथे हा माल येऊ देऊ नये. डब्यावरील नाव वाचून घ्यावे व बिटुमेनचे इमल्शनच मागावे. कोणत्याही डांबरी पृष्ठभागावर पापड-कुरडयांचे वाळवण घालू नये, हेही ओघाने आलेच. त्यासाठी गच्ची आहे.

तापलेले बिटुमेन हाताळणारे मजूर बहुधा दूर गावाहून आलेले, पायांत साध्या चपला घातलेले असतात. त्यांस बूट व हातमोजे मिळाले आहेत की नाही हे पाहणे घरमालकाचेही कर्तव्य आहे असे आम्ही मानतो. तापलेल्या पिंपात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये. ते फसफसून उतू जाते. कोणास चटका बसलाच तर त्या जागी लागलीच थंड पाण्याची धार वीस मिनिटे धरावी. चिकटलेले बिटुमेन ओढून काढू नये, रॉकेल लावू नये, आणि त्यास तसेच दवाखान्यात न्यावे. काम चालू असता मुलांस घरात ठेवावे.

सबंध अंगण डांबराने झाकावयास हवे असेही नाही. दोन चाकांपुरत्या दोन पट्ट्या, अथवा वाहन उभे करण्यापुरती जागा डांबरी करून उरलेली मुरमाची ठेवली, तर पावसाचे पाणी जमिनीत मुरते. आपल्या जिल्ह्यात ही चैन नसून निकड आहे. डांबरावरून वाहणारे पाणी मात्र थेट विहिरीत वा कूपनलिकेत सोडू नये, कारण त्यात तेलाचा अंश असतो. ते झाडांच्या आळ्यांकडे व वाळू भरलेल्या शोषखड्ड्याकडे वळवावे. शोषखड्डाही डांबरापासून दूर असावा, नाहीतर काळी माती तेथेच फुगेल.

सामाईक अंगण

आतापर्यंत सांगितले ते सर्व कारागिराच्या आवाक्यातले आहे. अवघड आहे ते निराळेच. वाड्याच्या वाटण्या होतात तेव्हा माजघर एकाकडे, ओसरी दुसऱ्याकडे जाते, आणि अंगण सामाईक राहते. सामाईक म्हणजे सर्वांचे. आणि जे सर्वांचे ते दुरुस्तीच्या वेळी कोणाचेच नसते. थोरल्यास वाटते धाकट्याच्या मोटारीने भेग पडली. धाकट्यास वाटते थोरल्याच्या टाकीचे पाणी तेथे मुरते. गृहनिर्माण संस्थेतही बिऱ्हाडे बदलतात, वाद तोच राहतो. तोवर भेगेचा खड्डा होतो, आणि एखाद्या संध्याकाळी दिव्याच्या उजेडात तो न दिसल्याने घरातील वृद्ध मातोश्रींचा पाय त्यात मुरगळतो किंवा शिकवणीहून येणारे मूल सायकलसह पडते. मग मात्र वाद न करता सर्वांचे हात पुढे होतात. तहान लागल्यावर विहीर खणावयाची ती का?

आमची सूचना साधी आहे. घरातील एकाने, आणि शक्य तर तरुणाने, अंगणाची वही ठेवावी. वर्षातून दोन दिवस पाहणीचे ठरवावे: दसऱ्यानंतर एक, पावसाने काय केले ते कळावे म्हणून, आणि अक्षय्यतृतीयेस दुसरा, मृगापूर्वी दुरुस्तीस महिनाभर हाती राहावा म्हणून. कोणती भेग कोठे, किती रुंद, केव्हा भरली, किती खर्च आला, एवढे टिपावे. प्रत्येक बिऱ्हाडाने दरमहा थोडी रक्कम त्या वहीबरोबर बाजूस टाकावी. रक्कम लहान असल्याने कोणास जड वाटणार नाही, आणि काम निघाले की कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. ज्या घरात ही वही चार-पाच वर्षे नीट चालेल, त्या घरास सबंध अंगण उखडण्याची पाळी सहसा येणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

माळवद चोपण्याचे काम आपल्या वाडवडिलांनी कोणाच्या वाट्याचे छप्पर कोठवर, हे विचारीत केले नाही. पाऊस वाट्या पाहून गळत नाही हे त्यांस ठाऊक होते. डांबराखालची काळी मातीही वाट्या ओळखीत नाही. यंदा मृग लागण्यापूर्वी खडू व पाण्याची बादली घेऊन घरातील सर्वांनी मिळून एकदा अंगण फिरून पाहावे, एवढीच आमच्या वाचकांस विनंती आहे.